बारागाड्या आणि वीतभर ढील

माझं नाव नृसिंह आणि मी मराठीचा शिक्षक आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे काही झालं त्यात माझ्याकडून विज्ञानाची अपेक्षा ठेवणं हाच मुळात लोकांचा आगाऊपणा होता.

आमची शाळा राहाता आणि श्रीरामपूरच्या मधल्या एका गावात आहे. तिथले विज्ञानाचे सर तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांची जागा लवकरच भरू असं संस्थेनं कळवलं, आणि संस्था शब्दाला पक्की, दरवर्षी जूनमध्ये तेच कळवते. मग एक दिवस मुख्याध्यापकांनी मला बोलावून पेढा दिला. त्यांनी पेढा दिला की माणसानं सावध व्हावं. "नववीचं विज्ञान तुम्ही घ्या," ते म्हणाले, "तुम्हाला वाचनाची आवड आहे." वाचनाची आवड आहे म्हणून मी गतीचे नियम शिकवायचे! उद्या म्हणतील, तुम्हाला आंघोळीची आवड आहे, तर विहीर खणा. हे सगळं मी मनात म्हणालो. तोंडात पेढा होता.

पहिल्याच तासाला जडत्व आलं. पुस्तकात लिहिलं होतं की पेल्यावर पुठ्ठा ठेवा, पुठ्ठ्यावर नाणं ठेवा आणि पुठ्ठ्याला टिचकी मारा, नाणं पेल्यात पडेल. मी टिचकी मारली. पेला फुटला, नाणं खिडकीतून बाहेर गेलं आणि पुठ्ठा तेवढा जागच्या जागी राहिला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. माझ्या नोकरीत मला मिळालेल्या त्या सगळ्यात मोठ्या टाळ्या.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सर, टिचकी आडवी मारायची. तुमी वरनं मारली."

हे राधाकृष्णभाऊ. आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. वय सत्तावन्न, उंची बेताची, पोट शर्टाच्या चौथ्या बटणाला कायम कामाला लावणारं. खिशात एक पेचकस आणि दोऱ्याचं रीळ. शिक्षण दहावी, तेही गणितात दुसऱ्या खेपेला. पण बत्तीस वर्षं त्या खोलीत काढलेली. भाऊंनी दुसरा पेला आणला, पुठ्ठा ठेवला, नाणं ठेवलं आणि बघत होते भलतीकडे, तरी टिचकी मारली. पुठ्ठा उडाला, नाणं टणकन पेल्यात. "नाण्याला कुटं जायचं नसतंय, सर," ते म्हणाले. "त्याला हाय तिथंच बसायचं असतंय. खालचा पुठ्ठा गेला, म्हनून पडलं बिचारं." मी मागे वळून फळ्यावर सुंदर अक्षरात जडत्वाची व्याख्या लिहिली. अक्षर तेवढं माझ्या हातात होतं.

त्या दिवसापासून आमची वाटणी ठरली. व्याख्या माझ्या, प्रयोग भाऊंचे. लाकडाच्या ठोकळ्याला ताणकाटा लावून ते टेबलावरून ओढायचे. ठोकळा हलेपर्यंत काटा पुढे जायचा आणि हलला की मागे यायचा. "बघा रं पोरांनो, उटवायला जास्ती जोर, चालत्याला कमी. घरोघरी हेच हाय." मी लिहायचो : स्थितिक घर्षण हे गतिक घर्षणापेक्षा जास्त असते. मुलांच्या लक्षात भाऊंचं राहायचं आणि पेपरात माझं यायचं.

त्यांचा एक नियम मात्र कडक. कुठल्याही प्रयोगाचं एकच वाचन घेऊन कोणी वही मिटली की भाऊ भडकायचे. "येक वाचन म्हंजी अफवा, दोन म्हंजी भांडान. तीन घ्या, मग खरं काय ते कळंल." मी एकदा घाईत होतो, म्हटलं, भाऊ, आता घंटा होईल. तर म्हणाले, "घंटा मीच देतो, सर. बसा." शाळेत शिपाई कमी असल्यामुळे घंटाही त्यांच्याकडेच होती.

हा झाला शाळेतला माणूस. शाळेबाहेर हाच माणूस खंडोबाचा भगत होता, आणि या दोघांची आपसात ओळखही नव्हती.

आमच्या गावात चंपाषष्ठीला बारागाड्या ओढतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बारा बैलगाड्या एकीच्या मागे एक बांधायच्या, बैल जुंपायचे नाहीत, प्रत्येक गाडीत पाच-सहा माणसं चढवायची, आणि पहिल्या गाडीचा दोर एकट्या भगतानं कमरेला घेऊन ओढायचा. अनवाणी, नऊ दिवसांचा उपवास करून. हल्ली गावात बैलगाड्या उरल्यात दोन. पण चंपाषष्ठीला कारखान्याचा हंगाम चालू असतो, म्हणून बाकीच्या दहा ऊसतोडवाल्यांकडून मागून आणतात. त्या गाड्यांना रबरी टायर असतात. देवळापासून ओढ्यापर्यंत जमीन ठोकून कडक केलेली, आणि उतारही आहे, पण इतका हलका की वाहताना पाण्यालाही विचार करावा लागतो. आणखी एक रीत अशी की ओढणाऱ्यानं त्या दिवशी गाड्यांचं तोंड बघायचं नाही. तो सकाळपासून देवळात बसून राहतो, आणि ओढायची वेळ झाली की त्याला पाठमोरा आणून दोर बांधतात.

हा मान भाऊंच्या घराचा. आधी त्यांचे वडील ओढायचे, मग गेली पंधरा वर्षं भाऊ. मी एकदा त्यांना सहज विचारलं, "भाऊ, एवढ्या गाड्या हलतात कशा हो?" तर ठोकळ्याचा हिशेब करणारा हा माणूस माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी शेंडी कापून आलोय. "देव वडतोय, सर. आमी निस्तं फुडं चालायचं."

दीड वर्षापूर्वी भाऊंचे वडील वारले. आणि त्यांच्यामागून आलेल्या पहिल्याच चंपाषष्ठीला, म्हणजे गेल्या साली, गाड्या अडल्या.

अडल्या म्हणजे हलल्याच नाहीत. भाऊंनी तीनदा जोर केला, पायाखालची माती उकरली गेली, "येळकोट येळकोट जय मल्हार"च्या आरोळ्यांनी कानठळ्या बसल्या, भंडारा उधळून उधळून माणसं हळदीची झाली, आणि गाड्या जागच्या जागी. शेवटी ट्रॅक्टर लावला. खंडोबाच्या गाड्या ट्रॅक्टरनं ओढल्या! कुणीतरी त्याचा व्हिडिओ केला आणि मागे रडकं गाणं लावून गावभर फिरवला. लोकांचं एकमत झालं की बाप गेला आणि घरातला देवही गेला. भगताच्या हातून काहीतरी पाप घडलं असणार. जत्रेच्या कमिटीनं ठरवलं की पुढच्या साली पुन्हा अडल्या तर मान भाऊंच्या चुलतभावाकडे, सुनीलकडे जाईल.

हा सुनील वाईट माणूस नव्हे. रस्त्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे, दंड माझ्या मांडीएवढे, आणि देवावर श्रद्धा दंडाएवढीच. त्यानंच गेल्या साली जुने दोर काढून देवाला अकरा नव्या लोखंडी साखळ्या अर्पण केल्या होत्या. आकड्यांना ग्रीस लावून, एकेक साखळी स्वतः ओढून त्यानं अशी ताठ बसवली होती की वाजवली तर सूर निघावा. सगळ्या गावानं वाहवा केली होती.

आता भाऊंचं पाप शोधणं सुरू झालं. दुसऱ्या कुणी शोधायच्या आधी ते स्वतःच शोधायला लागले. मला हसू यायचं आणि राग यायचा, दोन्ही. आधी त्यांनी चहा सोडला, मग तंबाखू सोडली. मग शाळेचा एक नालाकृती चुंबक घरून कपाटात परत आला. तो बायकोच्या हरवलेल्या सुया शोधायला अकरा वर्षांपूर्वी नेला होता. शेजारच्या बनुबाईंची कोंबडी कधीकाळी सायकलखाली आली होती, तिची माफी मागून आले. बनुबाईंना कोंबडी मुळीच आठवत नव्हती, पण आठवण करून दिल्यावर त्या आठ दिवस भांडल्या. मुख्याध्यापकांना जाऊन सांगितलं की तपासणीच्या वेळी बंद पडलेला वीजमापक चालू आहे असं मी साहेबांना खोटं सांगितलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, अहो, ते खोटं मीच तुम्हाला सांगायला लावलं होतं. एकदा माझ्याकडे आले आणि हात जोडून म्हणाले, "सर, तुमी स्नेहसंमेलनात कविता म्हनत हुता तवा मी मागं झोपलो हुतो. माफी करा." मी माफ केलं. पण एवढं खरं सांगायची गरज नव्हती.

शेवटी पूर्वी वर्गात बेडूक कापायचे ते त्यांना आठवलं. बेडूक भाऊच पकडून आणायचे. एका रविवारी ते पाझर तलावाच्या काठावर गेले आणि बेडकांची माफी मागून आले. बेडकांचं काय म्हणणं पडलं ते त्यांनी सांगितलं नाही. पण चेहरा उतरलेला होता, आणि तेव्हा मला पहिल्यांदा हसू आलं नाही. हा माणूस मान जाईल म्हणून झुरत नव्हता. देवानं आपल्याला टाकलं, हे त्यानं खरं मानलं होतं.

यंदा नोव्हेंबरात, चंपाषष्ठीला पंधरा-वीस दिवस असताना, मी नववीला घर्षण शिकवत होतो. प्रयोगशाळेत चाकांच्या छोट्या लाकडी गाड्या आहेत. मी म्हटलं, आज सहा गाड्यांची आगगाडी करू, टेबलाच्या कडेला कप्पी लावू, तिच्यावरून वजन सोडू आणि किती वजनाला आगगाडी हलते ते बघू. भाऊंनी सहा गाड्या बांधल्या आणि दुसऱ्या सहा मी बांधल्या. भाऊंची गाठ म्हणजे दागिना, दोरा सरळ, ताठ. माझी गाठ माझ्या आईनंही कधी चांगली म्हटली नाही. दोन गाड्यांच्या मधे दोरा पोटासारखा सुटलेला.

भाऊंच्या आगगाडीला पन्नास ग्रॅम लावले. हलली नाही. माझ्या आगगाडीला तेवढेच पन्नास ग्रॅम लावले, तर पहिली गाडी निघाली, दोरा ताणला, टक. दुसरी निघाली, टक. टक, टक, टक, सहाच्या सहा टेबलाच्या टोकाला! वर्ग ओरडला. मला वाटलं काहीतरी चुकलं, कारण माझं बरोबर येण्याची सवय मला नव्हती. भाऊंनी सवयीनं तीन वाचनं घेतली. तिन्ही वेळा तेच.

मी पुस्तक उघडलं, मिटलं, आणि माझ्या मराठीच्या डोक्यात प्रकाश पडला. ताठ बांधलं की सहाही गाड्या एकदम उठवाव्या लागतात, सहांचं बसलेलं घर्षण एका दमात मोडावं लागतं. ढील असली की एका वेळी एकच उठवायची. पुढची चालती झालेली असते, तिला कमी जोर लागतो, आणि तिचा धक्काही मागचीला उठवायला मदत करतो. मी ओरडलोच, "भाऊ! अहो, तुमच्या बारागाड्या! सुनीलच्या साखळ्या! तुमचं पापबिप काही नाही, साखळ्या ताठ आहेत!"

भाऊ गाड्या आवरत होते. मला वाटलं, हा माणूस आता मला मिठी मारणार. त्यांनी दोरा रिळाला गुंडाळला आणि मुलं बाहेर गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "सर, देवाच्या कामात साळा आनू नका."

"अहो पण तुमचं काही चुकलं नाही, हे सिद्ध होतंय!"

"माझं चुकलं न्हाई, बरूबर. साखळी ताठ हुती म्हनून अडल्या. मग माझ्या बापाच्या गाड्या दोर ढिला हुता म्हनून चालल्या, व्हय ना? म्हंजी त्येच्यात बी देव नव्हता. चाळीस वर्सं माझा बाप निस्ता ढिल्या दोरावर मोठा झाला." त्यांनी रीळ खिशात टाकलं. "त्येच्यापरीस मी पापी हाय त्येच बरं."

  बापाचा मोठेपणा राखण्यासाठी पाप आपल्या अंगावर घ्यायला बसलेला माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि मला त्याचा इतका राग आला की मी घंटा व्हायच्या आत घरी निघून गेलो.

पण मी म्हणजे गप्प बसणाऱ्यांतला नाही. चंपाषष्ठीला दुपारी सगळं गाव आरतीला देवळात गेलं, तेव्हा मी पांढरा शर्ट घालून गाड्यांपाशी गेलो. साखळीच्या टोकाला आकडा होता, तो मागच्या गाडीच्या कडीतून घेऊन साखळीच्याच एखाद्या दुव्यात अडकवलेला. रिकामी गाडी खांद्यानं जराशी रेटायची, आकडा काढायचा आणि दोन दुवे सोडून पुन्हा अडकवायचा, की साखळी वीतभर ढिली. सांगायला सोपं. सुनीलचं ग्रीस आणि माझे हात, पाच साखळ्या होईपर्यंत माझा शर्ट शिक्षकाचा राहिला नव्हता. सहावीपाशी वाकलो, तर पलीकडून आणखी एक हात त्याच आकड्यावर पडला. बांगड्यांचा.

भागूबाई. राधाकृष्णभाऊंची बायको. लुगड्याचा पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत काळे.

आम्ही दोघंही चोरासारखे एकमेकांकडे बघत राहिलो. आरती चुकवून आम्ही इथे, आणि त्यात बाईमाणसानं गाड्यांना हात लावायचा नाही असाही नियम आहे.

"सर, तुमी तिकडनं किती सोडल्या?" त्यांनी विचारलं.

"पाच."

"मी इकडनं पाच. मंग ही येकच ऱ्हायली," असं म्हणत त्यांनी आकडा काढला, दोन दुवे सोडले, मधे बोटं ताणून वीत घालून पाहिली आणि लावून टाकला. एवढ्या सराईतपणे की मला माझी लाज वाटली.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं? भाऊंनी?"

तेवढ्यात देवळात घंटा थांबल्या. "आरती झाली. पळा," त्या म्हणाल्या आणि गर्दीत मिसळून गेल्या. मी पळालो. आयुष्यात इतक्या वेगानं मी त्याआधी फक्त एका कुत्र्यापुढे पळालो होतो.

भाऊंना पाठमोरं आणलं. अंगावर पिवळं धोतर, कपाळावर भंडारा, नऊ दिवसांच्या उपासानं पोट पहिल्यांदाच बेताचं. गाड्यांत माणसं चढली. सुनील बाजूला उभा होता. त्यानंही कमरेला शेला बांधून ठेवला होता, म्हणजे वेळ आली तर उशीर नको. दोर बांधला. "येळकोट येळकोट!"

भाऊ पुढे झुकले. पहिली गाडी हलली. टक. दुसरी. टक. तिसरी. भाऊंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "आला! बाबाच्या टायमाला आसंच लागायचं! आला!" ते ओरडत होते. टक, टक, टक. मी लहान मुलासारखा उड्या मारत होतो.

आणि आठव्या-नवव्या टकला भाऊंचे कान टवकारले. तो आवाज त्यांच्या प्रयोगशाळेतल्या ओळखीचा होता. त्यांनी मान वळवली. नियम मोडून मागे पाहिलं. शेवटच्या तीन गाड्या अजून उभ्या होत्या आणि त्यांच्यामधल्या साखळ्यांना झोळ पडलेला स्पष्ट दिसत होता. बारावी गाडी निघाली न निघाली तोच भाऊ थांबले आणि ओरडले, "दगड लावा!"

लोकांनी घाबरून चाकांखाली दगड टाकले. गाड्या थांबल्या. अख्ख्या जत्रेत पिपाणीसुद्धा वाजेना.

"साखळ्या कुनी सोडल्या?"

 भाऊंची नजर फिरत फिरत माझ्या शर्टावर येऊन थांबली. त्या शर्टाकडे बघून आंधळ्यालाही कळलं असतं.

"सर," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, "माझी परीक्षा हुती. तुमी पेपर फोडला."

मग त्यांनी जाहीर केलं की आता ढिलीशिवाय ओढणार. गाड्या पुढे येऊन थांबल्या होत्या, त्यामुळे साखळ्या आपसूक ताणल्या गेल्याच होत्या. दगड काढले. भाऊ झुकले. एकदा, दोनदा, तीनदा. पाय मातीत घसरले. गाड्या ढिम्म. गर्दीतून "अरारारा" असा एक लांब आवाज निघाला. भाऊंनी स्वतःच्या हातानं दोर सोडला आणि सुनीलच्या हातात दिला. मी तो क्षण जन्मात विसरणार नाही. मला वाटलं, हे सगळं माझ्यामुळे झालं. निघालेल्या गाड्या माझ्या शर्टानं अडवल्या.

सुनीलनं देवाला हात जोडले, दंड थोपटले आणि दोर घेतला. जिममध्ये जाणारा गडी, वय बत्तीस. त्यानं जोर केला तसा त्याच्या मानेवरच्या शिरा मला दहा फुटांवरून मोजता आल्या. गाड्या हलल्या नाहीत. पुन्हा जोर केला, पाय घसरला आणि तो तोंडावर आपटला. उठला तर मिश्या पिवळ्या.

आता गावाची पंचाईत झाली. भाऊ पापी होते हे ठरलेलं होतं, पण सुनीलला तर कमिटीनं निर्मळ म्हणून आताच पुढे केलं होतं. दोन मिनिटांत त्याच्या हातून कोणतं पाप घडलं? कमिटीचे अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले, मी देवळाकडे बघायला लागलो.

भाऊ मात्र साखळ्यांकडे बघत होते.  आणि मग त्यांच्यात काहीतरी बदल झाला. ते जत्रेतले भाऊ राहिले नाहीत. ओठ हलवत ते काहीतरी मोजत होते, आणि मी ते तोंड प्रयोगशाळेत शंभरदा पाहिलं होतं.

"दोन वाचनं झाली," ते म्हणाले. "येक ढिल्याचं, येक ताठाचं. दोन म्हंजी भांडान. सर, या हिकडं. तिसरं घिऊ."

मग भर जत्रेत, पाच हजार माणसांसमोर, आमचा तास भरला. भाऊ एकेका गाडीपाशी गेले. चार माणसांनी गाडी जराशी रेटून धरायची, भाऊंनी आकडा काढायचा आणि दोन दुवे सोडून अडकवायचा. मी मागून ओरडून लोकांना सांगत होतो, कारण वर्ग म्हटलं की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. बसलेल्याला उठवायला जोर जास्त लागतो! बाराजणांना एकदम उठवू नका, एकेकाला उठवा! एक म्हातारी म्हणाली, खरंय बाबा, आमच्या घरी पण तसंच.

भाऊंनी दोर कमरेला घेतला. यावेळी आरोळी कुणीच दिली नाही. सगळे कान देऊन ऐकत होते. टक. टक. टक. लोक मोजायला लागले. "चार! पाच! सहा!" अकराव्या टकला गाव फुटल्यासारखं ओरडलं आणि बारागाड्या ओढ्यापर्यंत गेल्या. सुनीलनं सगळ्यात आधी जाऊन भाऊंना खांद्यावर उचललं. ते त्याला जमलं, कारण भाऊ एकच होते.

गर्दी पांगायला तासभर गेला. मी पोहोचलो तेव्हा भाऊ ओढ्याकाठी पहिल्या गाडीच्या दांडीवर बसले होते. शेजारी भागूबाई उभ्या होत्या. हात अजून काळेच.

"सर," भाऊ म्हणाले, "म्हंजी मागल्या साली माझं काईच चुकलं न्हवतं?"

"काही नाही."

"देव माझ्यावर रागावला न्हवता?"

"नाही हो, भाऊ."

त्यांनी मोठा श्वास सोडला. वर्षभर रोखून धरलेला असावा. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "पन बाबाचं काय?"

मला याचीच भीती होती. मी शब्द जुळवायला लागलो. पण भागूबाईंनी मला बोलूच दिलं नाही.

"मामंजींचं काय? ते सोता बांधायचे की दोर."

"कवा?"

"दर साली. तुमी देवळात बसलेलं असायचा तवा. गाड्या वडायचं सोडलं, पन बांधायचं न्हाई सोडलं. मी च्या घिऊन जायची ना. अकरा दोर, अकरा जागी वीत घालून बघायचे. कुनी ताठ केला की आई-बहिनीवरनं शिव्या. म्हनायचे, देव हाय, पन त्येला बी येका दमात बारा उचलाया लावू नये."

भाऊ दांडीवरून उठले. "आन तू मागल्या साली गप ऱ्हायलीस?"

"मला वाटलं लोखंडाचं शास्त्र येगळं असंल. औंदा तुमी बेडकांच्या पाया पडून आलात, तवा म्हनलं, आता बास झालं."

"माझ्या बापाला हे सारं ठावं हुतं." भाऊंच्या तोंडावर अभिमान असा पसरला की उपासाचा थकवा कुठल्या कुठे गेला. मग एकदम तो चेहरा लहान मुलासारखा झाला. "पन मला कदी येका शब्दानं सांगितलं न्हाई त्येंनी. का?"

"मी म्हनलं हुतं त्येंला," भागूबाई म्हणाल्या. "पोराला दावून ठिवा म्हनून. तर म्हनले, त्येला काय दावायचं? त्यो साळंत इज्ञानाच्या खोलीत हाय. तिथं पैल्या दिवशी हेच शिकवत असत्याल."

राधाकृष्णभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्या खोलीचा शिक्षक मी. मी खाली पाहिलं.